एक टोला जास्त

सोमवार, ३ ऑक्टोबर १९८८

पोचले एकदाची! म्हापशाहून साखळीच्या बसमध्ये मांडीवर यंत्राची पेटी घेऊन बसले होते. टपावर ठेवायला मी दिली नाही, म्हणून कंडक्टर रुसला. पेटीत काय आहे, असं त्याने विचारलं. कान तपासायचं यंत्र आहे म्हटल्यावर तो सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला की मग आधी ह्या ड्रायव्हराचे तपासा, दहा वर्षं माझी घंटी त्याच्या कानात शिरत नाही. सगळे हसले, मीही हसले. मुंबईच्या इस्पितळात आठ वर्षं कान तपासून मी इतकी दमलेय की कुणी हसवलं तर उपकारच वाटतात.

साखळीहून पुढे ट्रकने. खाणीच्या दवाखान्यामागे दोन खोल्या मिळाल्यात. एकीत मी राहायचं, दुसरीत तपासणी. शांता नावाची पन्नाशीची बाई दवाखाना झाडते, तीच माझी मदतनीस. तिने आल्या आल्या चहा आणि गरम उंडे, म्हणजे इथले गोल पाव, पुढे ठेवले आणि खिडकी पुसून घेतली. अर्ध्या तासात खिडकीवर पुन्हा लाल धूळ बसली. शांता म्हणाली, इथे पुसायचं ते आपल्या समाधानापुरतं.

काम सोपं आहे. दोनशे खाणकामगारांचे कान वर्षातून दोनदा तपासायचे, यंत्रांच्या आणि सुरुंगांच्या आवाजाने ऐकणं किती कमी होतं ते कागदावर आणायचं. कानातून पू येत असेल तर औषध द्यायचं. गरज असेल त्या चाळीस जणांना श्रवणयंत्रं मिळणार आहेत. विनोदिनीबाई, वर्षभर शांत जागा मिळाली, आता झोपा काढा!

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

बूथ उभा राहिला. दुहेरी लाकडी भिंती, मध्ये नमदा, जाड काचेची एक खिडकी. आत माणूस हेडफोन लावून बसतो, बाहेर मी यंत्रापाशी. सूर ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. उजव्या कानाला मी तांबड्या पेन्सिलीने गोल काढते, डाव्याला निळी फुली.

टाईमकीपर गोकुळदास बघायला आले. छापलेला मराठी फॉर्म पाहून म्हणाले, आता राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, तर हा कोकणीत नको का? दवाखान्याचा कारकून मराठीच्या बाजूने उभा राहिला. दोघे अर्धा तास भांडले. तोवर चार कामगार मुकाट अंगठा उठवून गेले.

एक गोष्ट कळली ती मला आवडली नाही. माझ्या कागदावरून कंपनी हिरवं कार्ड देणार आहे. सुरुंगाआधी भोंगा वाजतो. तो ज्याला ऐकू येणार नाही त्याला खाणीत खाली सोडायचं नाही. हे बरोबरच आहे. पण वर काम नाही, म्हणजे त्याने घरी बसायचं. म्हणून हे लोक मला घाबरतात.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

आज एकवीस माणसं झाली, पाठ मोडली. सगळ्यांचा चार हजार कंपनांचा बारीक सूर गेलेला. आलेखाची रेघ तिथे येऊन धपकन खाली पडते. आणि लबाड किती! काचेत माझा हात दिसतो, बटण दाबलं की बोट वर. मी खुर्ची उलटी फिरवली तर पहिल्याने मान मागे वळवून इतकं गोड हसून दाखवलं की मला रागावता येईना.

शेवटचा आला धाकू. पेडण्याचा, पंचेचाळीसचा असेल, डोक्यावर पांढरी टोपी. डावा कान मेलेला. पूर्ण आवाज सोडला तरी काही नाही. उजवाही जवळजवळ तसाच. भोंगा ह्याला ऐकू येणं शक्य नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्याने ओळखलं. म्हणाला, "बाय, खाणीन कान खाल्ले, आतां काम पण खातली? माका घरा धाडूं नाकात." आणि उभाच राहिला. रडला नाही, पाया पडला नाही, नुसता उभा राहिला.

मी फार दमले होते. तांबडी पेन्सिल हातात होती. त्याने बोट वर केलं नव्हतं तिथे मी त्याच्या वतीने तीन गोल काढले. कार्ड हिरवं झालं. आठ वर्षांत असं कधी केलं नव्हतं. पण वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं.

गुरुवार, २० ऑक्टोबर

सूर देताना मी मध्येच गप्प बसते. काही न देता थांबते, म्हणजे खोटं बोट वर करणारा सापडतो. आज एका टोळीचे नऊ जण झाले. नऊही जणांनी मी गप्प असताना बोट वर केलं. एकदाच. आणि खोटं बोलणारा माणूस करतो तसं चाचरत नाही, तर हाक मारल्यावर ओ द्यावी तसं सरळ.

वैतागून विचारलं की काय ऐकलंत. प्रत्येक जण म्हणाला, टोला. लोखंडावर मारलेला एक टोला. मला वाटलं आपसात ठरवून आलेत. मी सगळ्यांना झापलं.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

त्या टोळीतली अकराही माणसं पुन्हा बोलावली. दिवसभर एकेकाला. हेडफोनच्या वायरी काढून ठेवल्या, यंत्र बंद. तरी अकराही बोटं वर.

कुठल्या कानात, ते विचारलं. धाकूही ह्याच टोळीतला. त्याने डाव्या कानावर हात ठेवला. मेलेल्या. "ह्या कानांत दुसरें कांयच येना, बाय. तो एक टोलो तेवडो येता." बाकीच्यांनीही जो कान जास्त गेलाय तोच दाखवला.

बाहेर कोण काय बडवतंय ते बघायला मी गोकुळदासांकडे गेले. ते म्हणाले, टोला म्हणजे रूळ. आगगाडीच्या रुळाचा तुकडा खाणीच्या तोंडाशी झाडाला टांगलेला असतो. सुरुंगाआधी वर येणाऱ्या प्रत्येकाने त्याच्यावर एक टोला मारायचा, ते वहीत रेघ मारतात, टोळी पुरी झाली की भोंगा आणि मग सुरुंग. ते रुळाकडे पाठ करून मोजतात. डोळा चुकतो, कान चुकत नाही, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं. पण पावसाचं पाणी अजून खाणीत आहे, पंप चालू आहेत, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सुरुंग नाही. रूळ त्यांच्या कोठीत आहे. मला नेऊन दाखवला. कोपऱ्यात आडवा पडलेला, गंजलेला, वर कोळ्याचं जाळं.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

आज शांताला विचारलं. ती काच पुसत होती. पुसतापुसताच सांगितलं.

त्या टोळीत बारा माणसं होती. बारावा जयराम, शांताचा धाकटा भाऊ. त्याचे कान गेले होते. ते कुणाला कळू नये म्हणून टोळीने सांभाळून घेतलं. वर यायची हाक त्याला ऐकू यायची नाही, तो मागे राहायचा. मग धाकू स्वतःचा टोला मारायचा आणि थोड्या वेळाने जयरामचा. तोवर कुणीतरी खाली जाऊन त्याला खांद्याला धरून आणायचा. दोन वर्षं असं चाललं. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात धाकूने बारावा टोला मारला, आणि त्या दिवशी प्रत्येकाला वाटलं की दुसरा कुणीतरी खाली गेलाय.

मोजणी पुरी होती. भोंगा वाजला.

चौकशीत सगळ्यांनी सांगितलं की जयराम विसरलेला डबा आणायला परत गेला असावा. म्हणून मोजायची पद्धत तशीच राहिली. धाकूने शांताला खरं सांगितलं, बाकी कुणाला नाही. मी विचारलं, तू त्याला माफ केलंस? ती म्हणाली, "ताणें दयेनच मारलो न्ही, बाय? पूण टोलो मारलो तो मारलो. तो कोणाचो तरी जावंक जाय."

दयेने मारला, तरी टोला मारला तो मारला. तो कुणाचा तरी व्हायला हवा. दिवसभर हेच डोक्यात आहे. माझे तीन गोल कुणाचे?

मंगळवार, ८ नोव्हेंबर

नरकचतुर्दशी. शांताने पोहे आणले, पाच तऱ्हेचे. अंगणात पोरं फटाके लावत होती. मला ते फक्त उजवीकडून ऐकू येत होते. वळून बसले तरी उजवीकडूनच. सर्दी असेल.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

सर्दी नाही. कानाच्या दुर्बिणीने शांताकडून बघून घेतलं, पडदा स्वच्छ दिसतो म्हणते. बूथमध्ये बसले, शांताला बटणं दाबायला शिकवलं. निळी फुली एकही नाही. डावा कान गेला.

सुरुंग नाही, यंत्र नाही, मी तर बंद खोलीत बसते. असं होत नाही. मला भीती वाटते. हे लिहिलं तरी बरं वाटत नाही.

गोकुळदासांकडे गेले, धाकूचं कार्ड परत द्या म्हटलं. कार्डं वास्कोच्या ऑफिसात गेलीत. बदल हवा तर आलेख खोटा होता असं माझ्या सहीने लिहून द्यावं लागेल. म्हणजे माझं शिक्षण, माझी नोकरी, सगळं त्या कागदावर. उद्या लिहीन.

सोमवार, १४ नोव्हेंबर

लिहिलं नाही. दमले आहे. नुसतं दमणं नाही हे, हात उचलवत नाही.

धाकू आला होता. त्याला मी तीन गोलांचं खरं सांगितलं, शांताकडून काय कळलं तेही. म्हणाला, ह्या वर्षी आपण कुणासाठी मारणार नाही, आणि आपल्यासाठी कुणी मारू नये असं टोळीला बजावलंय. मग भिण्यासारखं काय?

तो गेल्यावर बूथमध्ये बसले. यंत्र बंद. दार बंद.

आला. एकच. डाव्या कानात.

बुधवार, १६ नोव्हेंबर

दिवसातून तीनदा. तीन गोल, तीन टोले. जेवताना, कागद लावताना, शांताशी बोलताना. माझं बोट आपोआप वर जातं. शांता बघते.

पंप बंद झाले. परवा मोसमातला पहिला सुरुंग. कार्डं आली, गोकुळदासांनी ती खाण्याच्या पानांसारखी वाटून टाकली.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

पत्र लिहिलं. आलेख खोटा आहे, गोल मी काढले, धाकूला भोंगा ऐकू येत नाही. सही केली. दुपारी नेलं तर गोकुळदास डिचोलीला गेलेले. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

आज टोले नाहीत. एकही नाही. त्याचीच जास्त —

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

गोकुळदासांच्या शेडमध्ये बसलेय. उशीर झाला. पहाटेपासून ताप, उठवेना, ट्रक साडेदहाला मिळाला. टोळी खाली गेलेली.

पत्र दिलं. न वाचता वजनाखाली ठेवलं, सुरुंग झाल्यावर बघू म्हणाले. तोंडाने सांगितलं, धाकू बहिरा आहे. म्हणाले, येईल की सगळ्यांबरोबर, मोजल्याशिवाय मी भोंगा कधी वाजवलाय का, आणि मी इथे बसलोय कशाला. रुळाकडे पाठ, वही पुढे, भोंग्याचा खटका हाताशी.

मी रुळाकडे तोंड करून बसलेय. मी डोळ्यांनी मोजणार. वही हीच.

येतायत.

एक. दाढीवाला.

दोन. तीन, तो गोड हसणारा. आज हसत नाही.

चार.

पाच. सहा.

सात, लंगडतोय.

आठ. नऊ. उजव्या कानात येतात सगळे, बरोबर.

दहा.

वाट रिकामी. धाकू येतोय, येईल. पांढरी टोपी दिसेलच —

अकरा.

रुळापाशी कोणी नाही. रूळ हलला नाही. डाव्या कानात आला.

गोकुळदासांनी अकरावी रेघ ओढली.

दहाच आहेत. पुन्हा मोजली. दहा. सगळ्या दहांनी गेलेल्या कानावर हात ठेवलेत, खाली बघतायत, प्रत्येकाला वाटतंय की तो नेहमीचा, आपल्याच कानातला —

ओरडले मी. माझा आवाज मलाच आला नाही. कुणी वळलं नाही. खटक्यावर हात. हात धरते त्यांचा, तो टोला त्याचा नाही, माझा आहे, तो खाली आहे अजून, त्याला भोंगा