सातवी सही

१७ नोव्हेंबर, सोमवार
पेपर घेणाऱ्या मुलांच्या यादीवर पुन्हा सहाच सह्या! शुक्रवारपर्यंत सात झाल्या नाहीत तर ‘प्राचीन राजकीय विचार’ हा पेपर बंद. बावीस वर्षं शिकवतेय इथं, जव्हारच्या कॉलेजात. अकरा वर्षं त्यावर पुस्तक लिहितेय — जुन्या गणराज्यांच्या सभा, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत न उठणाऱ्या. आता ते काय भिंतींना शिकवू? सातवी रुपी. इथल्याच वांगणी गावची. वर्गात प्रश्न विचारणारी एकटी. सुट्टीला घरी गेली ती गेलीच.

१८ नोव्हेंबर
रुपीचा फोन. “मॅडम, गाव बसलाय. उठल्याबिगर येता नाय येत.” कशासाठी, ते विचारेपर्यंत कटला. गाव बसलाय म्हणे! कारणंसुद्धा धड सुचत नाहीत यांना.

१९ नोव्हेंबर
आज परत तेच. “अजून बसलाय. सुकीआजी नाय म्हणते.” मी चांगलंच सुनावलं. एका म्हातारीपायी अख्खं गाव अडून बसतं होय? हात वर करायला लावा, मोजा, मोकळे व्हा. ती म्हणाली, “तसा नाय करत आमच्यात.” फोन ठेवून दिला. डोकं उठलं नुसतं.

२० नोव्हेंबर
शेवटचं प्रकरण तपासलं. ‘अशा सभा आज कुठेही उरलेल्या नाहीत.’ वाक्य बरं उतरलंय. राहू दे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ऑफिसातला नितीन म्हणाला, “मॅडम, सह्यांचा कागद उद्या दुपारी पाठवला तरी मी सांभाळून घेईन. थांबू?” म्हटलं, कुणासाठी? रुपीच्या नावावर मीच काट मारली आणि कागद पाठवायला लावला. पेपर बंद. यांच्यासाठी किती जीव टाकायचा? पालथ्या घड्यावर पाणी. रडू आलं ते रागाचंच.

२२ नोव्हेंबर
सकाळी दहाला रुपी दारात. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले.
“काल सांजचा उठला गाव. सुकीआजी हो बोलली.”
“पण बसलं होतं कशासाठी?”
“माझ्यासाठीच. वीटभट्टीवर जायचा का तुमचा पेपर घ्यायचा. चार दिस बसली सगळी, कामावर कोण नाय गेला.”
मला तिच्याकडे बघवेना. सही कुठं करायची, विचारत होती.