नाड्यांवर इस्त्री फिरत नाही

१८ जून, गुरुवार, सकाळ

चि. ठमीस,

आजीचे आशीर्वाद. तुझी चिठ्ठी हॉस्पिटलच्या गाडीवाल्याने काल दारात आणून दिली. चिठ्ठी कसली, चार ओळींत आमची बिनपाण्याने केलीस. असो. मी बरी आहे. गुडघे होते तसेच आहेत. तुझी आई बरी आहे. मांजरीने धुतलेल्या चादरींच्या ढिगात पिल्लं घातली, त्यामुळे तुझा बाप मांजरीवर आणि मांजर तुझ्या बापावर गुरगुरते आहे.

अक्षर लागलं नाही तर दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस. मी तिसरीपर्यंत शिकले, तेवढंच येणार. पुन्हा वाच, लागेल. फोन केला असता, पण फोन तुझ्या बापाच्या खिशात आणि बाप माझ्या पाठीशी उभा. तुझा फोन तिकडे ड्युटीभर कपाटात कुलपात. मग बोलायचं कुठे?

तर मागच्या सोमवारपासून सगळं उघडलं. टीव्हीवर सांगितलं, दुकानं उघडा, अंतर ठेवा. त्यातलं पहिलं सगळ्यांनी ऐकलं. केस कापायला रांग, चपला घ्यायला रांग. इतके दिवस घरात बसून चपला झिजल्या कशा, मला कळलं नाही. तुझ्या बापाने आपल्या लाँड्रीच्या शटरला तेल घातलं, काउंटर घासून घासून त्याचा रंग घालवला, बाहेर फरशीवर खडूने गोल काढले. लोक गोलात उभे राहतात आणि बोलायची वेळ आली की तोंडावरची पट्टी खाली ओढतात. एकाला मी विचारलंसुद्धा, हनुवटीला सर्दी झालीय का?

पहिलं गिऱ्हाईक वरच्या मजल्यावरची मास्तरीण. तीच, जी रोज संध्याकाळी गॅलरीत येऊन तुम्हा नर्सबायांसाठी टाळ्या वाजवायची. खालच्यांना दिसेल अशा बेताने वाजवायची. पडदे धुवायला घेऊन आली. काउंटरवर ठेवले आणि वरचा हात काही काढेना.

"आजी, हॉस्पिटलचे कपडे याच मशीनमध्ये धुता का हो?"

"याच. आणि तुमचे पडदे बघितले तर हॉस्पिटलवालेच तक्रार करतील."

गेली पडदे घेऊन. तिच्या मागचा बँकवाला शर्ट घेऊन गेला. त्याच्या मागचीने तर गाठोडं सोडलंच नाही. तुझा बाप मला म्हणाला, "आई, तू आत बस. तुझ्या तोंडाला लागलं तर दुकान दोन दिवसांत बसेल."

असं तीन-चार दिवस चाललं, तेव्हा त्याने पाटी लिहिली. 'येथे हॉस्पिटलचे कपडे घेतले जात नाहीत.' गाडीवाल्याने तुला सांगितलं ते खरं आहे. पाटी बापाने ठोकली, खिळे मी धरले. टाळ्या वाजवणाऱ्यांत आणि आमच्यात फरक काय, असं तू लिहिलंस. लिहायचा तुला हक्क आहे. तुमच्या कपड्यांचे गठ्ठे धुवायला होते म्हणून बंदच्या दिवसांत आपल्या घरात चूल पेटली, हे मी विसरलेले नाही आणि तुझा बापही विसरलेला नाही. तो वाईट नाही, भित्रा आहे. भित्र्या माणसाला लोक समोरून निघून गेलेले बघवत नाहीत.

पुढे तू विचारतेस, आजोबांना फोनवर का देत नाही. कधी तो झोपलेला, कधी अंघोळीला गेलेला. खरं आहे, इतक्या अंघोळी केल्या असत्या तर म्हातारा एव्हाना विरघळला असता.

इथे लिहिणं थांबवून मी मागच्या खोलीत जाऊन बघून आले. आता लिहिते.

गठ्ठे पाटीमुळे बंद झाले नाहीत. पाटी नंतरची. गठ्ठे मी बंद केले. मशीन बिघडलंय असं गाडीवाल्याला मीच सांगितलं. मशीन धडधाकट आहे.

तुझ्या आजोबाची खोड तुला माहीत आहे. इस्त्रीआधी तोंडात पाणी भरायचं आणि कपड्यावर फुर्रकन उडवायचं. तू नर्स झालीस तेव्हा पहिल्यांदा त्याला फवाऱ्याची बाटली आणून दिलीस आणि वर दमही दिलास. बाटली तो वापरायचा, पण कोणी बघत असेल तेव्हा. त्याचं म्हणणं, बाटलीतून थेंब पडतात आणि तोंडातून धुकं पडतं.

दुकान उघडायच्या सुमारास तो खोकायला लागला. म्हणाला, वाफेने होतंय. कपाळाला हात लावला तर चटका. म्हणाला, इस्त्रीसमोर उभा आहे, गार कसं लागेल? मीही म्हटलं, असेल. मग एका दुपारी पडदा सरकवून मागे गेले, तर हा टेबलापुढे उभा, दोन्ही गाल फुगलेले आणि समोर पसरलेला तुमचा हिरवा झगा.

"अहो, काय करताय हे?"

तोंडात पाणी, म्हणून बोलता येईना. शेवटी गिळलं. म्हणाला, "कडक होतात गं हे. पोरींना दिवसभर अंगात ठेवायचे असतात. टोचू नयेत."

"ताप आहे तुम्हाला."

"इस्त्रीखाली सगळं मरतं."

"आणि नाड्या?"

त्याने झग्याकडे बघितलं. नाड्यांवर इस्त्री फिरत नाही. फिरवली तर त्या गुंडाळतात, म्हणून तो त्या हाताने सरळ करतो आणि घडीच्या आत सारतो. सगळ्या जन्मात त्याने नाडीला इस्त्री लावलेली नाही. आणि त्याच नाड्या तुम्ही मानेमागे बांधता. तो मग स्टुलावर बसला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "पोरीला सांगू नकोस."

तो गठ्ठा मी उकळत्या पाण्यात घातला. तो इथेच आहे. पण त्याच्या आधीचे दोन गठ्ठे तुमच्याकडे गेले होते. त्यांच्या घड्या त्यानेच घातल्या, खोकत खोकत.

बापाला सांगितलं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "तपासायला नेलं की दुकानाला सीलच्या पट्ट्या लागल्याच. समोरच्या शिंप्याचं बघितलंस ना?" शिंपी बरा होऊन घरी आला, तरी लोक त्याच्या दुकानापाशी आले की रस्ता ओलांडतात. म्हातारा आतून म्हणाला, "आत्ता कुठे शटर वर गेलंय. साधा ताप आहे. उतरेल." दोघेही माझ्याकडे बघत होते. गावभर तोंड चालवणारी मी, तेव्हा गप्प बसले. याच्यावर आणखी काही लिहायचं नाही.

तुझ्या चिठ्ठीच्या शेवटी तू लिहिलंस, आमच्यातल्या दोघी आजारी पडल्या, एकीला श्वासाच्या मशीनवर ठेवलंय, हात आणि मशीन दोन्ही कमी पडतायत. तू सहज लिहिलंस. मी ते रात्रभर पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही सारा दिवस आजाऱ्यांतच असता, त्यांना ते कुठूनही लागलं असेल. हे मी मनाला सांगून बघितलं. मन काही ऐकत नाही.

आज सकाळी म्हातारा खुर्चीपर्यंत आला आणि बसल्यावर त्याला 'पाणी' एवढं म्हणायला मध्ये दम घ्यावा लागला. ओठ निळसर झालेत. मी पुढे गेले आणि भर गिऱ्हाइकात शटर खाली ओढलं.

"आई, काय करतेयस?"

"म्हातारा चाललाय. त्याला हॉस्पिटलात पाठवतेय."

मोठ्याने म्हटलं. सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच म्हटलं. खडूचे गोल क्षणात रिकामे झाले. तुझा बाप त्यातल्याच एका गोलात खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग उठला, तोंड धुतलं आणि पाटी त्यानेच उपटली. फोनही त्यानेच लावला. रुग्णवाहिका म्हणे दुपारपर्यंत नाही. मग तुमच्या गाडीवाल्याला लावला आणि माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "आजी, गाडीत रिकाम्या पिशव्याच आहेत. आजोबांना घेऊन जातो." त्याला सगळं सांगितलं, ताप, खोकला, सगळं. तरी येतोय. मास्तरिणीपेक्षा बरा.

ही चिठ्ठी आधी तुझ्या हातात आणि मग म्हातारा खाली उतरवायचा, असं त्याला बजावणार आहे. हात धुऊन लिहितेय, तरी वाचल्यावर तूही हात धू.

हे वाचलंस की आधी तुमच्या मोठ्या सिस्टरकडे जा. शेवटचे दोन गठ्ठे कोणते, त्यांच्यावर काय उडवलं, घड्या कोणी घातल्या, सगळं सांग. कपाटात त्यातलं काही उरलं असेल तर बाहेर काढा. बाप म्हणेल सांगू नकोस, त्याचं ऐकू नकोस. माझं नाव घे. दुकानाला कुलूप लागायचं असेल तर लागू दे. आणि त्या दोघींना आमच्यामुळे लागलं असं निघालं तर मला सांगू नकोस, असं मी वर लिहिलं होतं. ते खोडलंय, खोडलेलं दिसेल तुला. मला सांग.

म्हातारा मघापासून एकच धरून बसलाय, "पोरीच्या वॉर्डात नको. तिला माझ्या नळ्या घालाव्या लागतील." मी बरं म्हटलं. गाडीवाल्याला सांगणार आहे, थेट तिच्याच दारात ने. जन्मभर ह्यांचं ऐकलं नाही, आता काय म्हणून ऐकू? वाचला तर मला शिव्या देईल. देऊ दे.

पण एक आहे. तुमच्याकडे श्वासाची मशीन कमी पडतात म्हणतेस. एकच उरलं आणि एका खाटेवर तुमच्यातली एखादी पोरगी आणि दुसरीवर हा, असं झालं तर माझं तोंड डोळ्यांपुढे आणू नकोस. तुला जे शिकवलंय ते कर. नंतर मी तुला विचारणार नाही. तुझ्या बापालाही विचारू देणार नाही.

तू त्या पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असशील. त्याला ओळखू येणार नाहीस. सांगूही नकोस. परकी नर्स समजला तर निमूट नळी घालून घेईल. घरच्या बायकांचं त्याने कधी ऐकलंय?

गाडी आली. त्याला उठवते.

काय होईल ते जसंच्या तसं लिही. मऊ करून लिहू नकोस.

शटर लावून आत बसलेली,
तुझी आजी