मागच्या चाकाची नक्षी

पनवेल
ता. १४ नोव्हेंबर १९५९

चि. सौ. चंद्रावतीस, बाबाचे पुष्कळ आशीर्वाद, आणि फाट्यावर उगीच आधीपासून येऊन उन्हात उभी राहतेस म्हणून थोडा रागही. वि. वि. इकडे सर्व क्षेम.

क्षेम म्हणजे असं, की गेल्या आठवड्यात कर्नाळ्याच्या खिंडीत फटफटी घसरली. कोपर खरचटलं, बाकी माणूस साबूत आहे, तेव्हा डोळ्यांना पदर लावू नकोस. लष्कराच्या लिलावातली गाडी अजून घोड्यासारखी आहे, पण दोन्ही टायर पार गोटा झालेत.

दाजीच्या दुकानात टायरच्या दोन तऱ्हा आल्यात. एक उभ्या रेघांचा. डांबरावर गुपचूप पळतो, वळणावर धरून राहतो. दुसरा ठोकळ्यांचा. तो माती-चिखलात पाय रोवतो, पण डांबरावर गुरगुरतो आणि लवकर झिजतो. दाजी म्हणाला, की मुकादम, तुमी जाता कुठं ते आदी सांगा. बरोबरच आहे त्याचं. मिठागरावर मी सायकलने जातो. फटफटी निघते ती तुझ्यासाठी, आणि तुझ्या फाट्यापर्यंत सगळी डांबरी सडक. म्हणून दोन्ही चाकांना रेघांचाच घ्यावा असं मनात आहे. तरी तुला विचारतो. लहानपणी टाकीवर बसून मला हळू चला म्हणून दटावणारी तूच होतीस. तुझ्या हुकमाशिवाय या गाडीचं काही बदलायची मला सवय नाही.

तुझी आई गेल्यापासून संध्याकाळी घरात शिरवत नाही. टायर बसले की लगेच येतो. सोडे आणि जवळा बांधून ठेवला आहे. जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्राने मोजू नये.

तुझा बाबा,
काशीराम


खारवाडी, नागोठण्याजवळ
ता. २१ नोव्हेंबर १९५९

ती. बाबांच्या पायांवर चंद्रावतीचा नमस्कार, दुखऱ्या कोपराला धक्का न लावता. वि. वि.

पत्र वाचून आधी घाबरले, मग रागावले. खिंडीत घसरलात ते आठवड्याने कळवता काय? हे म्हणाले, की सासऱ्यांना काही झालं तरी पत्रात आधी क्षेमच येणार. कोपराला हळद लावा.

आता टायरचं. माझा हुकूम हवा ना? मग घ्या रेघांचाच. फाट्यापर्यंत यायला तो पुरतो. तुम्ही येणार, मैलाच्या दगडावर बसणार, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिणार. मी तांब्या घेऊन समोर उभी, आणि तुम्ही बघणार दुसरीकडे. बोचकं माझ्या हातात देणार, डोक्यावरून हात फिरवणार आणि निघणार. तुमच्या गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईतो मी तिथेच असते. मग बोचकं डोक्यावर घेऊन तीन मैल घरी. लग्नाला सहा वर्षं झाली बाबा. माझ्या घराचं दार कुठल्या दिशेला आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.

लेकीला मूल होईतो तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपली रीत मला कुणी शिकवायला नको. पण मूल होणं माझ्या हातात आहे का? डॉक्टर झाले, नवस झाले. इथे मला कुणी टोचून बोलत नाही. उलट सासूबाई परवा म्हणाल्या, की रीत आमच्यासाठी पाळतात तर आमी सोडली म्हणून सांग, त्यांना येऊ दे. रोज चूल पेटवते तेव्हा वाटतं, एकदा तरी तुमच्यासाठी भात टाकावा. मला तुमच्या सोड्यांची भूक नाही, तुम्ही जेवताना समोर बसायची आहे.

फाट्याच्या आतला रस्ता कसा आहे ते तुम्ही विचारलंच नाही, तरी सांगते. आधी बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, मग खाडीचा बांध. उधाणाचं पाणी वर येतं, त्यामुळे तिथे बारा महिने चिखल. बांध संपला की डावीकडचं पहिलं घर. दारात शेवगा आहे.

कोणता टायर घ्यायचा ते आता तुम्हीच ठरवा. रागाने लिहिलं असेल तर ते माझ्या ओढीच्या खाती जमा धरा.

तुमची
चंद्रा


पनवेल
ता. ४ डिसेंबर १९५९

चि. चंद्रास आशीर्वाद, विहीणबाईंना वेगळा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. उत्तर लिहायला बसलो की उठतो. माणसाने लढाईत फटफटीवरून निरोप पोचवावे आणि लेकीला चार ओळी लिहिता येऊ नयेत, असं झालं आहे.

तुझी आत्या सोनाबाई तुला आठवत असेल. तिला मूल झालं नाही. तुझे आजोबा तिच्या दारापर्यंत जात, ओट्याच्या खाली उभे राहून विचारपूस करत आणि परतत. कडक माणूस. ते गेले तेव्हा सोनाबाई आली, आणि रडताना एकच बोलत होती, की बाबाला मी कदी घास वाढला नाय. तेव्हा मी शेजारी उभा होतो. इतकी वर्षं ते विसरलो होतो. तुझ्या पत्राने आठवलं, आणि मला भीती वाटली चंद्रा.

काल दाजीकडे गेलो. पुढे रेघांचा बसवला, कारण खिंडीतली वळणं तीच आहेत. मागे ठोकळ्यांचा. दाजी म्हणाला, की डांबरावर आवाज करेल, लवकर झिजेल. मी म्हटलं झिजू दे.

येत्या रविवारी निघतो. फाट्यावर येऊ नकोस. घरीच थांब आणि माझ्या नावाचा भात टाक. माया आहे ती समोर बसून वाढ, पत्रात नको.

बाबा


खारवाडी
ता. १० डिसेंबर १९५९

ती. बाबांना, ज्यांनी माझ्या घरचं पाणी मागून घेतलं त्यांना, चंद्रावतीचा दंडवत. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. आता एक विचारते, खरं सांगा. तुम्ही उठल्यावर त्याच पातेल्यातलं आम्ही वाढून घेतलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आमटीत मीठच नव्हतं, भाजीतही नव्हतं. तुमची गाडी बांधावर गुरगुरताना ऐकली आणि मी मिठाचं भांडं हातात तसंच घेऊन दारात धावले, ते पुढचं मला आठवत नाही. मिठागराच्या मुकादमाला मी अळणी वाढलं, आणि तुम्ही दोनदा मागून घेतलंत. कळलं नव्हतं, की कळूनही मागितलंत? हे हसून हसून बेजार झाले. मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं, पण ते रडू चांगलं होतं.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतं. तुमचं ताट घासून वेगळं ठेवलं आहे. संध्याकाळी सडकेकडून काही वाजलं की मी बाहेर येते. ती लॉरी असते, हे ठाऊक असूनही येते.

काल अंगण सारवलं. शेवग्याखाली तुमच्या मागच्या चाकाचे ठसे आहेत, ठोकळ्यांची नक्षी जशीच्या तशी. तेवढी जागा सोडून बाकीचं सारवलं. वाटलं, सासूबाई विचारतील. आज सकाळी पाहिलं तर नक्षीवर कोंबड्या जाऊ नयेत म्हणून त्यांनी वरून टोपली पालथी घातली होती.

पण ती काही फार दिवस राहायची नाही बाबा. पुसायच्या आत पुन्हा या. मीठ घालीन.

तुमची वाट पाहणारी
चंद्रा