घरघंटीचा पट्टा

प्रिय सुशांत,

सप्रेम जयभीम. माझा भाचा प्रितम कामाला तुमच्या चारकोपलाच येतो, त्याच्या हातून हे पत्र आणि पिठाचा डबा पाठवते आहे. डबा तुझाच, मागे तू पाठवलेला. झाकणाची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही, बघून घे. "घरचं ताजं दळलंय, आई, चेतनाला भाकऱ्या करून घाला," असा तुझा निरोप होता. ज्वारीचं पीठ एव्हाना कडू झालं असेल. झालं तर झालं. त्या घरघंटीचं पीठ माझ्या परातीत पडणार नाही, हे तुला आधीच कळायला हवं होतं.

मी फोनवर बोलणारी बाई. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "जाऊ द्या ना आई, झालं गेलं," म्हणतोस आणि चेतनाला फोन द्यायला सांगतोस. म्हणून लिहिते. अक्षरं मी कंपनीच्या कँटीनमधल्या फळ्यावरून उचलली, वरणभात, उसळ, चपाती. जोडाक्षरं मात्र संघमित्राने शिकवली, तेव्हा ती चौथीत असेल. आईला शिकवताना छडी घेऊन बसायची. तेव्हा कुठे चुकलं असेल तर तिच्या हिशेबात धर, आमची मास्तरीण लवकर गेली.

चेतना बरी आहे. वरचे दोन दात आलेत, हसताना तोंडावर हात ठेवत नाही आता. भाजीतली वांगी माझ्या ताटात सरकवते आणि मला कळत नाही असं समजते. आईसारखीच. तुला हे सगळं दर शनिवारी दिसतंच म्हणा.

तुला आठवतं का, तू पहिली गाडी घेतलीस तो दिवस? विक्रोळीच्या आमच्या चाळीसमोर आणून उभी केलीस, अख्ख्या चाळीतली पोरं गोळा झाली. मी तुला तोवर "अहो जावईबापू" करायची. तू म्हणालास, "आई, मला तू म्हणा, सुशांत म्हणा, मला आई नाही." त्या दिवसापासून मी तुला पोटचा मानला, यात खोटं नाही. मला पुढे बसवलंस आणि स्वतःच्या हाताने पट्टा बांधलास. मी लाजले. आयुष्यात मला कुणी असं बांधून-सावरून कुठे बसवलं नव्हतं. गाड्यांच्या शोरूममध्ये कामावर गिऱ्हाइकांना सांगतोस तसं मला सांगत होतास. "हळू ओढा आई. येतो की नाही? आता हिसका द्या. अडकला? हीच तर त्याची अक्कल आहे." मी चारचारदा हिसके दिले आणि संघमित्रा मागे बसून हसत होती, म्हणे, आई, पट्टा आहे, म्हैस नाही.

त्या दिवशी तू सांगितलेला शब्द न् शब्द माझ्याजवळ आहे. दाराशेजारच्या खांबात एक रीळ असतं, शिलाई मशीनच्या बॉबिनसारखं. त्याला स्प्रिंग, म्हणून पट्टा आपोआप गुंडाळून अंगाला बेताचा बसतो. रिळाच्या बाजूला एका वाटीत लोखंडी गोळी. गाडी सुतासारखी चालली की गोळी वाटीत झोपलेली असते. गाडी एकदम थांबली की गोळी पुढे चढते, वरचा खटका उचलते, खटका दात्यांच्या चाकात घुसतो आणि रीळ जागच्या जागी थांबतं. मग माणूस कितीही पुढे फेकला गेला तरी पट्टा सुटत नाही. मी विचारलं, आणि गोळी नाहीच चढली तर? तू म्हणालास, दुसरी सोय आहे, नुसता पट्टा जोरात खेचला गेला तरी रीळ अडकतं, आत्ता तुम्ही केलंत तसं. मी म्हटलं, कुणीतरी लेकुरवाळ्याने बनवलेलं दिसतंय. तू किती हसलास. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये सगळ्यांना सांगितलंस, माझी सासू असं म्हणाली.

तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं रे. हेच मला गिळवत नाही. ज्याला ठाऊक नव्हतं त्याला मी माफ केलं असतं.

त्या रविवारी तुम्ही दोघं घाटकोपरला घरघंटी घ्यायला गेलात. संघमित्राच्याच मनात होतं, गिरणीतलं पीठ जाडं येतं म्हणायची. चेतना माझ्याकडे होती. परत येताना तिला घ्यायचं आणि पुढे चारकोपला जायचं असं ठरलं होतं, मी कांदेपोह्याची तयारी करून बसले होते. दुकानातून निघताना तिचा फोन आला. हसतच होती. "आई, तुझ्या जावयाने माझी जागा घरघंटीला दिली. डिकीत सीएनजीची टाकी, म्हणून मशीन पुढे बसलंय महाराणीसारखं, आणि मी मागे. गाडी टूंटूं करायला लागली तर हा काय करतो बघ, घरघंटीला पट्टा बांधला." मागून तुझा आवाज मी ऐकला, सुशांत. "मशीन मागे ठेवली असती तर ब्रेक लागताच माझ्या पाठीत आली असती." मग ती म्हणाली, "मला पण बांध की मग. अरे, बकल कुठंय? हे तुझं कव्हर वरून ताणून बसवलंय, खाली गेलंय बकल, हातच जात नाही." आणि तू म्हणालास, "राहू दे गं, मागे कोण लावतं? आई काय पाच मिनिटांवर राहते. कव्हर ओढू नको, नवीन आहे."

कव्हर ओढू नको, नवीन आहे. माझ्या मुलीने ऐकलेलं हे शेवटचं काहीतरी. तुझ्या शोरूममधून दसऱ्याला फुकट मिळालेलं ते तांबूस कव्हर.

महामार्गावर विक्रोळीच्या पुलाआधी तो सिमेंटचा मिक्सर बंद पडून उभा होता, तुझं लक्ष कुठे होतं ते तुलाच माहीत. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, गाडी कुणाकडूनही ठोकली जाते. पण पुढचं मी तुला सांगणार आहे, कारण तू ते कुणाला सांगत नाहीस. तुझ्या डोक्याला काय होतंय हे समजायच्या आत त्या गाडीने तुला धरलं. गोळी चढली, खटका बसला, रीळ थांबलं. रिळाजवळच्या नळीत फटाक्यासारखी चिमूटभर दारू असते, हेही तूच सांगितलेलं, ती उडाली आणि पट्ट्याची सगळी ढील आत खेचून घेतली, तू सीटवरून हलायच्या आधी. मग तुझ्या अंगाचा सगळा भार पट्ट्यावर आला तेव्हा रिळाच्या पोटातली एक दांडी पीळ खाऊ लागली, तेवढाच पट्टा हळूहळू सोडत गेली, नाहीतर त्याच पट्ट्याने तुझ्या बरगड्या मोडल्या असत्या. खालचा पट्टा कमरेच्या हाडावर, वरचा खांद्याच्या आणि छातीच्या हाडावर, पोटाच्या मऊ भागावर काही नाही. समोरून फुगा आला, त्यावर तू अलगद टेकलास. आईने पोराला पाण्यातून काढावं तसं तुला काढलं त्याने.

आणि शेजारच्या सीटवरही हेच झालं. तिथलं रीळही थांबलं, तिथलीही दारू उडाली, तिथलीही दांडी पिळली. घरघंटीसाठी. मशीन जागेवरून हललं नाही. माझी मुलगी मागून आली ती त्या सीटवर, आणि त्या सीटला घरघंटी घट्ट बांधलेली होती. यापुढचं मी लिहीत नाही.

हॉस्पिटलात तू बायकांना शर्ट बाजूला करून दाखवत होतास, खांद्यापासून कमरेपर्यंत जांभळा पट्टा उमटला होता. सगळ्या चुकचुकल्या. मी पण त्यावर हळद लावली, आठवतं? माझ्या हाताने. तेव्हा तू पोलिसांना सांगून मोकळा झालेलास हे मला माहीत नव्हतं. "मी तिला पट्टा लाव म्हणालो होतो, ती ऐकायची नाही." तुझ्या जबाबातलं हे वाक्य पुढे नातेवाइकांत फिरलं, तुझ्या बिल्डिंगमध्ये फिरलं. अंजनाबाई मासळी घेऊन दारात येते, तीसुद्धा मला म्हणाली, पोरगी हट्टी होती काय गं तुझी? मी पापलेट परत टोपलीत ठेवलं. तिचा राग नाही, तिला जे ऐकू आलं ते तिने म्हटलं. मी तेव्हा गप्प राहिले, कारण चेतनाला आई उरली नव्हती आणि उरलेला बापही मला मोडायचा नव्हता.

गाडीतलं तिचं सामान आणायला मी आणि प्रितम गेलो होतो, गाडी पोलीस चौकीमागे उभी होती. एक चप्पल मिळाली. प्रितमने मागचं कव्हर फाडून उचललं. खाली बकलं होती, लाल बटणं अजून दुकानातल्यासारखी चकचकीत. कुणाचा हात कधी लागलेलाच नाही. पुढे गाडी भंगारात गेली तेव्हा मागच्या सीटचं, संघमित्राच्या बाजूचं रीळ मी मागून आणलं. भंगारवाला म्हणाला, मौसी, इसका क्या करोगी? मी म्हटलं, देखूँगी.

आणि खरंच बघितलं. ते रीळ मी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला ठोकून बसवलंय. येता-जाता ओढते. हळू ओढलं की येतं, हिसका दिला की अडकतं. काही बिघडलेलं नाही त्याचं. विहारात मैत्रीभावनेवर प्रवचन असतं, मी मान डोलावते, डोळेही मिटते, आणि घरी येऊन पुन्हा ते रीळ ओढते. आत कुठेतरी एक खटका बसलाय माझ्या आणि तो काही केल्या सुटत नाही. तू म्हणशील आई बदलली. बदलले.

एवढं असूनही मी तुला पत्र लिहिलं नसतं. तुझा गुन्हा तू तुझ्या बायकोवर ढकललास, ते माझं माझ्याशी ठेवलं असतं. पण संघमित्राच्या वाढदिवसाला तू चेतनाला फोनवर काय सांगितलंस? "तुझी मम्मी ऐकायची नाही गं. पट्टा लावला असता तर आज असती. म्हणून मोठ्यांचं ऐकायचं." फोन ठेवून पोरगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजी, मम्मीला मला सोडून जायचं होतं का, म्हणून नाही लावला? रोज फोटोला "गेले गं मम्मी शाळेत" म्हणून निघायची. त्या दिवसापासून म्हणत नाही. फोटोकडे पाठ करून मोजे घालते.

तेव्हा मी तिला रिळाजवळ नेलं. तू मला शिकवलंस तसंच शिकवलं, गोळी, खटका, दारू, पीळ खाणारी दांडी, सगळं. आता ती बाहुलीला खुर्चीत बांधते, खुर्ची ढकलून भिंतीवर आपटते आणि बाहुली पडली नाही की टाळ्या वाजवते. मला म्हणते, आजी, खालचा पट्टा पोटावर नाही हं, हाडावर. पण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. तिने विचारलं, मग मम्मीने का नाही लावला? मी म्हटलं, बाळा, मम्मीने लावायला घेतला होता. का लागला नाही ते फक्त पप्पांना माहीत आहे, ते तिथे होते.

आता का लिहिते ते सांगते. मागच्या शनिवारी तुझ्या नव्या गाडीतून फिरून आल्यावर चेतना म्हणाली, पप्पांच्या गाडीला झकास लाल कव्हर आहे, पण मागे बकल सापडत नव्हतं, पप्पा म्हणाले राहू दे, जवळच तर जायचंय. मी ताटावरून उठले, सुशांत. म्हणून येत्या शनिवारी तू येशील तेव्हा खाली प्रितम कात्री घेऊन उभा असेल. लाल कव्हर आधी कापायचं, मग चेतना जिना उतरेल. ती मागे बसेल, आधी सीटच्या फटीत हात घालून बकल शोधेल, हे मी तिच्या अंगवळणी पाडलंय. मग पट्टा लावेल, तू तुझा लावशील, आणि गाडी सुरू व्हायच्या आत ती तुला विचारेल, पप्पा, मम्मीला बकल का सापडलं नाही? मी तिला कधी विचारायचं तेवढंच सांगितलंय, उत्तर तुझ्यासाठी सोडलंय. खरं सांगितलंस तर ती रडेल, कदाचित तुझ्याशी बरेच दिवस बोलणार नाही, पण सोमवारी फोटोला सांगून शाळेत जाईल. खोटं सांगितलंस तर वर येऊन मला विचारेल, आणि मला तो फोन शब्दन् शब्द पाठ आहे. मी हे सूड म्हणूनच करते आहे, त्याला दुसरं गोड नाव देत नाही. आरशात तुला तिचा चेहरा दिसेल, अगदी संघमित्राचा. त्या वेळी दार उघडून पळावंसं वाटेल, पण एकदम उठू नकोस. हिसका बसला की पट्टा अडकतो, तूच सांगितलं होतंस.

तुझ्या खांद्याला हळद लावणारी,
तुझीच आई,
कमल