दाजीमामाच्या छोट्या गाडीचं माप

प्रिय दाजीमामा,

तुझी कुर्डुवाडीची छोटी गाडी मला कितीला पडली, ऐक. अकरा रविवार, डाव्या अंगठ्याचं नख आणि तुझ्या भाचेसुनेचा जुना पोळपाट, ज्याचा मी करवत लावून फलाट केला. सगळं गणपतीच्या आराशीसाठी! काल विसर्जन झालं. आज गाडी खोक्यात भरताना मामी म्हणाली, "भरण्याआधी त्याला कळव तरी." म्हणून लिहायला बसलो.

शिमग्यात तू गेलास. बाप्पाला खाडा नको, असं मामीनेच बजावलं. मग मी ठरवलं, यंदा आरास म्हणजे तुझं जंक्शन! एका अंगाला मोठी लाईन, दुसऱ्या अंगाला तुझी छोटी, अरुंद रुळांची, आणि मधल्या फलाटावर छोट्या डब्यातली पोती मोठ्या डब्यात टाकणारे मातीचे हमाल. "दोन रुळांची सोयरीक जमत नाही, नि मान मोडते हमालाची," तू म्हणायचास. आणि पुढचं? "माझी सगळी टोळी मापं घेत बसायची. मी मुकादम, मी नजरेनं रूळ बसवायचो!" किती वेळा ऐकलंय ते मी!

मोठी गाडी बाजारात मिळाली, रुळांसकट. छोटी कोण विकणार? ती मी पत्रा कापून घरीच केली.

खरं सांगू? हे सगळं एका जुन्या टोचणीपायी. छोटी लाईन उखडणार असं कळलं, तेव्हा रिटायर होऊन मुंबईत आलेला तू डिलाईल रोडच्या आपल्या चाळीच्या गॅलरीत म्हणालास, "एकदा ने रे. शेवटचं बसून येतो." मी म्हटलं, "दुकानाचा दिवाळीचा सीझन संपू दे, मामा." सीझन संपला, तोवर रूळही संपले. तू एका शब्दाने बोलला नाहीस. बोलायचं होतंस ना! दोन शिव्या हासडल्या असत्यास तर मी तरी सुटलो असतो.

म्हणून ही गाडी चालायलाच हवी होती. आणि ती चालेना! सरळ रुळावर ठीक, वळण आलं की आडवी. चतुर्थी दोन दिवसांवर. फुटपाथवर पेटी मांडून मिक्सर दुरुस्त करणारा मी, आज लालबागेत दोन गाळे. नुसत्या आवाजावरून मशीनचा आजार सांगतो म्हणून दादरहून गिऱ्हाईक येतं. तो मी रुळाला कान लावून पालथा पडलेला. खडखड ऐकू येई, आजार कळेना.

मामी भाजी निवडत बघत होती. "काय डॉक्टर, पेशंट गेला?"

"मस्करी नको, मामी. माप बरोबर घेतलंय."

"कुठून कुठवर?"

"ह्या रुळाच्या बाहेरून त्या रुळाच्या बाहेरपर्यंत."

"मेल्या!" ती उठली. तुझ्या ट्रंकेच्या तळातून एक लोखंडी दांडी काढून माझ्यापुढे आपटली. "ही त्याची मापाची दांडी. रुळांच्या मध्ये बसते, आतून टेकते. चाकाची कड आतून धावते, नि तू बाहेरून मोजतोस! तीस वर्षं त्या माणसाला जेवण वाढलंय, एवढं कळतं मला."

रूळ उखडले, आतून मोजून पुन्हा ठोकले. चतुर्थीला आरती झाली, मामीने बटण दाबलं, आणि तुझी गाडी वळणावरून गेली रे! पाच दिवस गेली. चाळीतले म्हातारे गुडघे विसरून जमिनीवर बसले होते. मामी एकदाच मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, आणि येताच म्हणाली, "गाडी लेट का?"

आता माझा शब्द. दिवाळीच्या आधी, ऐन सीझनात, दोन्ही गाळ्यांना कुलूप लावून मामीला कुर्डुवाडीला नेतोय. मोठ्या लाईनने उतरू आणि तुझे रूळ होते तिथवर चालत जाऊ. दांडी सोबत घेतो. ह्या खेपेला 'सीझन संपू दे' नाही.

तुझाच उशिरा शहाणा झालेला भाचा,
बाळू

ता.क. दांडी मधोमध, हातात धरायच्या जागी, झिजून पातळ झालीय. आणि म्हणे नजरेनं!