ॲम्प टाकू की दुरुस्त करू

७ डिसेंबर, रविवार

बसला! आज भास नव्हता. सकाळी नऊला ओटीवर बसले, ॲम्प चालू केला, बेस गिटार मांडीवर घेतली, तारांवर हात ठेवला आणि कोपरापर्यंत सणकन झटका. बेस खाली आपटली. भाड्याच्या दोन्ही खोल्यांत शनिवार-रविवारचे पाहुणे, त्यामुळे ओरडताही येईना.

गेल्या रविवारीही काहीतरी चावलं होतं. तेव्हा म्हटलं, सहा महिन्यांनी वाजवतेय, बोटं रुसली असतील. सासूबाई जूनमध्ये गेल्या. न्हाणीत पडल्या, डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. त्यानंतर ॲम्पवरची चादर काढावीशीच वाटली नव्हती.

देवव्रत म्हणाला, "बावीस वर्षांचा डबा तो. टाकून दे, नवीन आणू." माझ्या नवऱ्याला जुन्या वस्तूवर एवढा एकच उपाय माहीत. माझी पाळी कधी येते ते बघायचं.

पण तीन जानेवारीला शाळेचं स्नेहसंमेलन आहे. मैत्रीण क्रांती गाणार, मी साथीला. क्रांती माइक ओठांना चिकटवून गाते. तिच्या शेजारी हा ॲम्प ठेवायचा? तिला काही झालं तर?

९ डिसेंबर, मंगळवार

शाळेतून आल्यावर पुन्हा लावून पाहिला. आधी रबरी चपला घालून. काही नाही. मग एक चप्पल काढली. मग दुसरी. अनवाणी उभी राहून चारही तारांवरून हात फिरवला, पाठीमागच्या पत्र्यालाही लावला. काही नाही! बेचाळीस वर्षांची बाई, चाळीस पोरांना दरडावते, आणि एका पेटीला घाबरते.

देवव्रतला सांगितलं. म्हणाला, "आईलाही शेवटी हाताला मुंग्या यायच्या. तुझं बी-ट्वेल्व्ह तपासून घे."

म्हणजे दोष माझ्यात. बरं.

११ डिसेंबर, गुरुवार

ॲम्प रिक्षात घालून श्रीवर्धनला भिकूकडे नेला. मिक्सर, पंखे, देवळातले लाउडस्पीकर, सगळं भिकूच उघडतो. त्याने मागचा पत्रा काढला, आत फुंकर मारली. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू पार खाल्लेले. टेस्टर लावला, दिवा लागला नाही.

"बाई, ह्याला काय झालेलं न्हाय."

"मग मला बसतो तो काय?"

"दोन दिवस ठेवा. मी चालू करून हात लावूनच बसतो."

म्हटलं, नको बाबा, हात नको लावूस. तो हसला. "असा ट्रान्सफॉर्मर आता कोण घालत न्हाय. टाकू नका."

कॉलेजात असताना पुण्यात घेतलेला हा ॲम्प. लग्न करून हरिहरेश्वरला आले तेव्हा माझ्या सामानात साड्या कमी आणि हा जास्त होता. टाकवत नाही. ठेवायचं म्हटलं तर हात लावायची भीती.

१३ डिसेंबर, शनिवार

ॲम्प परत आला. भिकूने वायर नवी घातली, पिना घासून लख्ख केल्या. संध्याकाळी तासभर वाजवलं. सुरेख! देवव्रत पाहुण्यांसाठी नारळ सोलत होता, तोही कोयता थांबवून ऐकत होता. उगाच घाबरले.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी साडेआठला पुन्हा. आधीपेक्षा जोरात. हात तारेला चिकटला. एक क्षणच असेल, पण सुटेना! देवव्रतने धावत येऊन बटण बंद केलं. मी जमिनीवर बसूनच राहिले. पाहुण्यांतली एक बाई ओले केस घेऊन दारात आली. "काय झालं हो?"

काही नाही म्हटलं. चहा टाकते म्हटलं.

१५ डिसेंबर, सोमवार

ॲम्पकडे पाठ करून जेवले. भीती वाटते. बस.

१७ डिसेंबर, बुधवार

ठरलं. नवीन. क्रांतीलाही फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मरण्यापेक्षा नवीन बरा." देवव्रत आजच मुंबईला गेला. जुना पडवीत नेऊन नारळांच्या ढिगाशेजारी ठेवला. वरून पोतं टाकलं. बघवत नव्हतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

देवव्रत आला. आगरदांड्याच्या फेरीबोटीत खारं पाणी उडू नये म्हणून खोक्यावर स्वतःचा शर्ट घातला होता, बनियनवर बसला होता! मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी दोघंही हसलो. नवा ॲम्प एवढुसा आहे. आवाज स्वच्छ, पण दुसऱ्याच्या घरात बोलल्यासारखा.

२० डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी सराव. काही नाही. सुटले.

२१ डिसेंबर, रविवार

नव्यालाही आहे.

सकाळी नऊ. तसाच झटका.

ॲम्प बंद केला आणि ही वही घेऊन बसले. मागची पानं चाळली. मंगळवारी काही नाही. शनिवारी संध्याकाळी काही नाही. जेव्हा बसला तेव्हा रविवार, आणि सकाळ. रविवारी सकाळी या घरात काय असतं? पाहुणे अंघोळी करतात.

भिकूला फोन लावला. सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "बाई, तुमचा अर्थिंगचा पाइप कुठं हाय?"

विहिरीपाशी. सासरे होते तोवर उन्हाळ्यात रोज त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे. खाली मीठ-कोळसा आहे, सुकता कामा नये म्हणायचे. नंतर ते काम सासूबाई करायच्या. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत. पाहुण्यांच्या गाड्या वळायला जागा हवी म्हणून देवव्रतने एप्रिलमध्ये घातले.

देवव्रत शेजारीच उभा होता. "तो गंजका पाइप? तो बाबांच्या जुन्या पंपाचा ना? आडवा येत होता, मी कापला."

भिकू फोनवर ओरडला, "आधी मेन बंद करा! अंघोळीला कोण असेल त्याला बाहेर काढा!"

देवव्रत धावला. मी पाहुण्यांच्या न्हाणीचं दार दोन्ही हातांनी बडवलं. आतून बाई म्हणाली, "एक मिनिट, साबण लागलाय." ती बाहेर येईपर्यंत मी काय काय पाहिलं, ते लिहीत नाही.

दुपारी भिकू आला. पाहुण्यांच्या न्हाणीतला गिझर आतून फुटलाय. तो चालू झाला की वीज अर्थिंगच्या तारेत येते, आणि तारेला जमिनीत जायला वाट नाही. "मग ती घरभर फिरते, बाई. लोखंडाला, नळाला, तुमच्या ॲम्पला. ॲम्पची काय चूक न्हाय."

२२ डिसेंबर, सोमवार

देवव्रत सकाळपासून पेव्हर ब्लॉक उखडतोय. गडी बोलावला नाही.

मी मे महिन्याची पानं काढली. बावीस मे: 'आई म्हणतात, नळाला हात लावला की मुंग्या येतात. गोळ्या आणायच्या.' खाली दुसऱ्या शाईने: 'आणल्या.'

माझंच अक्षर. जूनचं पान उघडलं नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

देवव्रत मातीच्या हातांनीच आत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबला. "क्षिप्रा, आई गेली तो रविवार होता ना?"

रविवारच होता. मी म्हणाले, नाही, मंगळवार. कॅलेंडर त्याच्या शेजारच्याच भिंतीवर होतं. त्याने तिकडे मान वळवली नाही.