तिने न दिलेला नकार

मी, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, धंदा चष्म्याचे दुकान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि डॉक्टरांनी "पन्नास टक्के धरून चला" असे सांगितले आहे. त्याआधी, सोमवारी, माझे लग्न आहे.

१. माझ्या राहत्या दोन खोल्या, भांडी, कपाट आणि पलंगासह, मी जिच्याशी लग्न ठरवले आहे त्या निवृत्त शिक्षिकेला देत आहे. लग्न झाले तरी आणि न झाले तरी. माझ्या पुतण्याने त्यावर हक्क सांगू नये. आठ वर्षांत तो दोनदा आला, दोन्ही वेळा खोल्यांची लांबीरुंदी मोजून गेला.

२. दुकानातील माझा अर्धा हिस्सा, काचा घासायच्या मशीनसह, माझ्या भागीदाराला द्यावा. आम्ही त्याला लंबू म्हणतो. एकोणतीस वर्षे आम्ही एका काउंटरमागे उभे आहोत. तो काचा घासतो, मी गिऱ्हाइकांशी बोलतो, कारण चार माणसांत त्याची जीभ अडखळते.

हा हिस्सा बक्षीस नाही, आणि का नाही ते लिहिल्याशिवाय मला मरता येणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी लंबू मला म्हणाला, "बाईंना माझ्याशी लग्नाचं विचारशील? मला जमायचं नाही." मी हो म्हणालो. बाई म्हणजे हीच शिक्षिका. तिच्या शाळेच्या व्हरांड्यात गेलो, तिच्या चष्म्याची सैल दांडी घट्ट करून दिली आणि परत आलो. विचारले काहीच नाही. मलाही ती आवडत होती, आणि तिच्यासमोर उभे राहिल्यावर दुसऱ्याचे नाव तोंडातून निघेना. दुकानात येऊन लंबूला सांगितले, "नाही म्हणाली. परत विषय काढू नका म्हणाली." त्याने मान हलवली आणि मशीन सुरू केले. त्यानंतर ती दुकानात आली की तो आतल्या खोलीत जाई. ती मला विचारायची, "त्यांना माझा राग आहे का हो?" मी म्हणायचो, "स्वभावच तसा आहे त्याचा."

आमचे लग्न ठरले तेव्हा सगळी तयारी लंबूनेच अंगावर घेतली. हॉल, खुर्च्या, हार, सगळे. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघे पाहुण्यांची यादी करत होतो. ती हसत म्हणाली, "साठी जवळ आल्यावर मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. त्याआधी कधी कोणी विचारलंच नाही."

लंबूचे पेन थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. यादीवर बोट ठेवून म्हणाला, "खुर्च्या चाळीस पुरतील ना?"

तेव्हापासून तो माझ्याशी फक्त लग्नाचे बोलतो. हार किती फुटी, फोटोवाला किती वाजता. एकदा मी म्हणालो, "लंबू, शिव्या तरी घाल." तो म्हणाला, "लग्न पार पडू दे. मग बोलू." माझ्याकडे 'मग' आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. तिला सांगावे तर ती जाईल. न सांगता सोमवारी लग्नाच्या कागदावर सही करावी तर मी तिला दुसऱ्यांदा फसवतो.

३. माझ्या अंत्यविधीला लंबू आला नाही, तर त्याला कोणी बोल लावू नये.

पुरवणी. वरील मजकुरावर साक्षीदार म्हणून सही करायला मी आज सकाळी लंबूलाच सांगितले. वाचण्याची गरज नव्हती, पण त्याने सगळे वाचले. सही केली. मग म्हणाला, "हे तिला आज दे. मेल्यावर वाचायला ठेवलंस तर मी ही सही माझी नाही म्हणून सांगेन." बरोबर तो आला नाही. मी एकटा तिच्या घरी गेलो.

तिने उभ्यानेच वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"अकरा वर्षं मी त्या माणसाला तुसडा समजत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला समजू दिलंत."

मी म्हणालो, "हो."

"सोमवारचं लग्न नाही. कधी होईल की नाही, विचारू नका. त्यांच्याशीही मला बोलायचंय, आणि ते तुमच्यामार्फत नाही." मला जाण्यासाठी दार उघडून ती थांबली. "गुरुवारी दवाखान्यात कागदावर कोणाची तरी सही लागेल ना? मी येईन. नात्याचा रकाना कोरा ठेवेन."

हॉल लंबूने दुपारी रद्द केला. कलम एक मी बदललेले नाही, बदलणार नाही.

साक्षीदार पहिला: लंबू, दुकानातील भागीदार. (सही)
साक्षीदार दुसरा: शेजारचा घड्याळजी. फक्त सही केली, मजकूर वाचलेला नाही. (सही)
मृत्युपत्र करणार: (सही)

ठिकाण: दुकान, काउंटरमागचे स्टूल. दिनांक: शनिवार, ऑपरेशनला पाच दिवस बाकी.